डबीतल्या दोन मुंग्या

डॉ. वत्सला गावडे बाईंची आणि माझी पहिली ओळख झाली ती भांडणातून. मी नुकताच कॉलेजच्या प्राणिशास्त्र विभागात परिचर म्हणून लागलो होतो, तोही हंगामी. कपाटं झाडताना एका काचेच्या बशीत मुंग्या दिसल्या. कोणीही करील तेच मी केलं, बशी नळाखाली धरली. मागून आवाज आला, "मेल्या, काय केलंस ह्या?" वळून बघतो तर वर्गात शुद्ध मराठीत शिकवणाऱ्या बाई थेट आमच्या मालवणीत! "मुंगये लागलेले, धुतलंय," मी म्हटलं. "लागलेले नाय रे, ठेवलेले!" मीही तापट. "बशयेत मुंगये कोण ठेवता?" असं उलट बोललो. हे ऐकून बाई जे हसत सुटल्या! दुसऱ्या दिवशी नव्या मुंग्या आणायला त्या मला सड्यावर, म्हणजे कातळाच्या उघड्या पठारावर, घेऊन गेल्या. तेव्हापासून बाई निवृत्त होईपर्यंत मी त्यांच्या मागून कातळ तुडवला.

आज बाईंना पंचाहत्तर वर्षं पूर्ण होत आहेत. या गौरवग्रंथात विद्वान मंडळी त्यांच्या संशोधनावर लिहितीलच. मी पडलो दहावी नापास. पण एका विषयावर माझ्याइतक्या अधिकाराने दुसरा कोणी लिहू शकत नाही, तो म्हणजे बाईंनी मागे घेतलेला शोधनिबंध. त्या निबंधाने बाईंच्या नावाला जो बट्टा लागला, तो अजून पुरता पुसला गेलेला नाही. तो माझ्यामुळे लागला. हे मी आजवर लिहून कुठेच दिलेलं नाही, म्हणून इथे देतो.

आधी बाईंचं काम सांगतो. देवगडहून विजयदुर्गाकडे जाताना जो सडा लागतो, तिथल्या सुट्या दगडांखाली बारीक तपकिरी मुंग्यांची घरं असतात. त्या घरांत क्वचित एक भुंगेरा सापडतो, उकड्या तांदळाच्या दाण्याएवढा, चपट्या जाड मिशांचा. हा गडी मुंग्यांच्याच घरात राहतो, त्यांचीच अंडी-पिल्लं खातो, आणि मुंग्या त्याला मारायच्या सोडून चाटत बसतात. आहे की नाही जावयाचा थाट? बाईंचं म्हणणं असं की हा भुंगेरा आवाज करतो, आणि तो आवाज मुंग्यांच्या राणीच्या आवाजाशी इतका जवळचा असतो की मुंग्या त्याला आपलाच समजतात. पण तो आवाज काढतो कुठून? त्याचं वाद्य शरीरात कुठे आहे? हेच बाईंना शोधायचं होतं.

सड्यावर बाईंचा एक नियम कडक होता. दगड उचलला तर तो होता तसा, त्याच बाजूने परत ठेवायचा. एकदा एका विद्यार्थ्याने दगड तसाच लोटून दिला आणि पुढे निघाला. बाईंनी त्याला अर्ध्या वाटेवरून माघारी धाडलं. "कोणाच्या तरी घराचा छप्पर आसा ता," एवढंच म्हणाल्या. तो विद्यार्थी आज मोठा अधिकारी आहे आणि मला भेटला की हीच गोष्ट सांगतो.

आवाज टिपायची आमची तऱ्हाही सांगण्याजोगी. मासळीची थर्माकोलची पेटी धुऊन, वाळवून, आतून वाकळीचे तुकडे लावलेले. पेटीत बारका माइक, माइकजवळ प्लास्टिकची डबी आणि डबीत भुंगेरा. पंखा बंद, दारं बंद. ट्यूबलाइटची गुणगुणसुद्धा माइक पकडायचा, म्हणून भर दुपारी लाइट गेली की सगळं कॉलेज वीज मंडळाला शिव्या घालायचं आणि आम्ही दोघं खूश! बॅटरीवर रेकॉर्डर लावून घामाने निथळत बसायचो.

आता माझा पराक्रम. डबीत भुंगेरा एकटा हवा, असं बाईंनी बजावलं होतं. पण आधीचे दोन भुंगेरे एकेकटे ठेवल्यावर दोन दिवसांत मेले होते. तिसऱ्याकडे बघून मला राहवेना. आमच्याकडे घरात कोणी एकटा जेवतसुद्धा नाही हो! मी गुपचूप त्याच्या घरच्याच दोन मुंग्या डबीत सोडल्या. सोबतीला. त्या दुपारी आवाज आला. स्पष्ट, कर्र-कर्र, थांबून थांबून. बाईंचा आनंद काय वर्णावा! घाईघाईत डबी मीच उचलली, मुंग्या मीच काढल्या, आणि यात काही बिघडलं असेल हे माझ्या डोक्यात आलंसुद्धा नाही.

निबंध बाहेरदेशी गेला आणि छापून आला. परदेशातल्या परिषदेचं बोलावणंही आलं. बाईंनी विभागात पेढ्यांऐवजी आमच्याकडचं गोड खाजं वाटलं आणि सगळ्यांना समजावून सांगू लागल्या, "मुंग्यांनाही कमरेपाशी घासून आवाज करता येतो. म्हणून तर भुंगेऱ्याला एकट्याला ठेवलं. डबीत दुसरं कोणी नव्हतं." हातातलं खाजं मी तसंच कागदात गुंडाळून ठेवलं.

त्या वेळी माझ्या कायम होण्याचा कागद प्राचार्यांच्या टेबलावर होता. गप्प बसलो असतो तर कोणाला कळणार होतं? दोन दिवस जेवण गोड लागेना. तिसऱ्या दिवशी बाईंसमोर उभा राहिलो. "बाईनू, डबयेत तो एकटो नव्हतो. मी दोन मुंगये घातलंय."

"कित्याक?"

"एकटो रवलो तर मरतलो, असा वाटला माका."

बाईंनी त्या दुपारच्या नोंदीची वही उघडून पाहिली. मग म्हणाल्या, "यशवंता, मेल्या, दया करूची होती तर वहीत लिवून तरी ठेवूची होतीस!"

लगेच आम्ही दोन मुंग्या तेवढ्या डबीत ठेवून पाहिल्या. कर्र-कर्र, थांबून थांबून. तोच आवाज. त्याच दुपारी बाईंनी निबंध मागे घेत असल्याचं पत्र लिहिलं. मला वाचून दाखवलं. त्यात प्रयोगात आपल्याकडून चूक झाली एवढंच होतं, माझं नाव नव्हतं. मी म्हटलं, माझं नाव घाला. "प्रयोग माझा, वही तपासायचं काम माझं," बाई म्हणाल्या. प्राचार्यांनी त्यांना बोलावून खोदखोदून विचारलं, तिथेही हेच उत्तर. मी कायम झालो. बाईंचं परिषदेचं बोलावणं रद्द झालं. "मुंगीला भुंगेरा समजणाऱ्या बाई" असं शिक्षकांच्या खोलीत हसून बोललं जायचं, ते चहा देताना मी या कानांनी ऐकलं आहे. हातातली किटली डोक्यात घालावी असं वाटायचं. पण बाईंनी बोलू नकोस म्हणून बजावलेलं.

दुसरी कोणी असती तर मला त्या खोलीत पुन्हा पाऊल ठेवू दिलं नसतं. बाईंनी काय केलं? मला सूक्ष्मदर्शकापुढे बसवलं. आमच्या घरी गणपतीची शाळा, म्हणजे मूर्ती घडवायचं काम. डोळ्यांची आखणी माझ्याकडे. "देवाचे डोळे रेखणाऱ्या हाताक ह्या जमतला," असं म्हणून मेलेल्या भुंगेऱ्याच्या पोटाची बाजू चित्रात उतरवायला दिली. तिथेच ते सापडलं. पोटाच्या कडेला अगदी बारीक, एकसारख्या रेघांची पट्टी, आणि मागच्या मांडीच्या आतल्या अंगाला तिच्यावर घासणारी कडा. कंगव्याच्या दातांवरून नख फिरवावं तसा प्रकार. हेच ते वाद्य!

पण एकदा तोंड पोळलेलं. या वेळी बाईंनी घाई केली नाही. भुंगेरा मिळायचाच वर्षाकाठी एखादा, त्यामुळे पुढची कित्येक वर्षं यातच गेली. डबी बंद करण्याआधी आत कोण आहे ते दोघांनी बघायचं आणि वहीत दोघांनी सह्या करायच्या, असा रिवाज पडला. शेवटी एक भुंगेरा एकटा असताना बोलला. त्याच्या मागच्या पायांना मेणाचा ठिपका लावला, आवाज बंद. मेण काढलं, आवाज सुरू. मग तो आवाज मुंग्यांच्या घराजवळ वाजवला, तर मुंग्या मिशा हलवत त्याच्याभोवती गोळा झाल्या. साठीला आलेल्या बाईंनी टाळ्या पिटल्या. मला ओरडावं लागलं, "बाईनू, गप रवा, रेकॉर्डिंग चालू आसा!"

नव्या निबंधात चित्र माझं आहे आणि बाईंच्या नावाखाली माझं नावही आहे. दहावी नापास माणसाचं! आईला दाखवलं तेव्हा ती रडली, आणि खरं सांगायचं तर मीही रडलो.

कायम झाल्यावर मी एकदा बाईंना विचारलं होतं, आता तरी खरं सांगू का सगळ्यांना? त्यांनी साफ नाही म्हटलं. दर वर्षी नव्या मुलांच्या पहिल्या तासाला बाई स्वतःची ही चूक सांगत. निबंध कसा छापला, कसा मागे घेतला, सगळं. "बाईच चुकल्या हे कळलं की पोरं आपली चूक लपवत नाहीत, यशवंता. ती चूक माझ्याकडेच असू दे." आणि खरोखर, आमच्या प्रयोगशाळेतली मुलं बिघडलेलं सगळं आपणहून येऊन सांगायची. आजही ती परंपरा तिथे चालू आहे, नव्या मॅडमनी ती मोडलेली नाही.

हा ग्रंथ ठरला तेव्हा समितीत कोणीतरी सुचवलं की बाईंच्या लेखनाच्या यादीतून तो मागे घेतलेला निबंध गाळावा. मलाही त्या बैठकीला बोलावलेलं; हेतू चांगलाच होता, पण मी तिथेच तापलो. संपादकांना माझी हात जोडून विनंती आहे. तो निबंध गाळू नका, ठळक छापा, आणि खाली लिहा की डबीत मुंग्या यशवंताने घातल्या होत्या.

बाई हे वाचून संतापणार, मला ठाऊक आहे. त्यांनी इतकी वर्षं जपलेली हक्काची चूक मी न विचारता काढून घेतली. माझ्यावर पुरेसं रागावून व्हायला त्यांना निदान पंचवीस वर्षं तरी हवीत. ती त्यांना ठणठणीत तब्येतीनिशी मिळोत, आणि रोज सकाळी फोन करून त्यांनी मला मेल्या म्हणावं.