आपाचे बारा शब्द

आपाला लिहिलेलं काही लागत नसे. ईदला घरी कोण कोण आलं ते ती त्याच क्रमाने सांगे. मधे कुणी टोकलं, तर पुन्हा पहिल्यापासून सुरू. पनवेलला तिचं दार आमच्या दारासमोर होतं. दुपारी लहान मुली तिच्याकडे कुराणातल्या सूरा पाठ करायला येत. तिने स्वतः अरबी अशीच पाठ केली होती, अर्थ न कळता. "मतलब मागनं येतो, टीचर. आधी तरतीब," ती मला म्हणे; मी शाळेत शिकवत असे. तरतीब म्हणजे क्रम.

तिचा नईम कुवेतला होता. परत येऊन स्टँडजवळ दुकान टाकायचं म्हणून त्याने साठवलेलं सगळं बिटकॉइनमध्ये होतं. सुट्टीवर आला तेव्हा तो आईकडे बारा इंग्रजी शब्दांचा कागद ठेवून गेला. पावसाळ्यात कागदाला बुरशी धरली, तशी आपा तो घेऊन माझ्याकडे आली.

"कुणाला दाखवू नको बोललाय. पण तुमी काय 'कुणी' हाय का? वाचा जरा."

मी वाचत गेले, ती प्रत्येक शब्द दोनदा पुटपुटत गेली. मग मी ते कोऱ्या कार्डावर उतरवले. झेब्रा पहिला आणि ॲपल आठवा! जन्मभर हजेरीपट लिहिलेल्या मला ते बघवेना. मी शब्द एबीसीडीप्रमाणे लावले आणि जुना कागद फाडून टाकला.

वर्षभराने तिकडे कुवेतला नईमचा फोन टॅक्सीत राहिला. नव्या फोनवर बिटकॉइनचं वॉलेट उघडायला त्याने आईला फोन लावला. आपाने मला हाक मारली, मी फोनवर कार्ड वाचलं. उघडेना. पुन्हा वाचलं.

"टीचर, जसं होतं तसंच लिहिलंय ना?" नईमने विचारलं.

"तसंच. फक्त नीट लावलंय."

मग बिचाऱ्याने समजावलं. वॉलेट काढताना फोन फासे टाकल्यासारखा एक अचाट मोठा आकडा उचलतो, तीच किल्ली. माणसाच्या लक्षात राहावा म्हणून तो आकडा बारा शब्दांत मांडून देतो. शब्दांचा क्रम बदलला की आकडाच बदलला. "यात बँक नाय, मॅनेजर नाय. अर्ज कुणाकडे करू, टीचर? आता इथंच राहायचं मी."

आपा तांदूळ निवडत होती. "इकडं द्या तो फोन." तिने डोळे मिटले. "झेबरा..."

"अम्मी, हळू! टाइप करतोय."

"हळू बोलले तर तुटंल."

तिने एका दमात बाराही म्हटले. तीनदा म्हणावे लागले, पण वॉलेट उघडलं. मला ती एवढंच म्हणाली, "टीचर, तुमी लई नीटनेटक्या. वाईट खोड हाय ही."

जुने शब्द जिन्यापर्यंत ऐकू गेले होते, म्हणून नईमने त्याच दिवशी नवं वॉलेट काढून सगळं त्यात हलवलं. काही महिन्यांनी तो कायमचा परत आला, दुकान उघडलं. नवे शब्द त्याने कुठेही न लिहिता फक्त आपाला सांगितले. मला कुणी बोलावलं नाही, आणि बरोबरच केलं.

बाळांनो, आपा जाऊन आता बरीच वर्षं झाली. शेवटच्या पंधरवड्यात ती रोज दुपारी नईमला, त्या चाळिशीच्या बाप्याला, पलंगाशी बसवून घेई. दार बंद असे. त्याचं पुटपुटणं मला कळत नसे, तिचा बारीक झालेला आवाज मात्र स्पष्ट यायचा: "चुकलास. पयल्यापासनं बोल."