खरखरीत स्वर

शाळेच्या तपासणीला पंधरा दिवस उरले असताना भाऊसाहेबांनी पहिलीच्या वर्गातले पाचही इंग्रजी स्वर भंगारवाल्याला देऊन टाकले. सोबत व्यंजनंही दिली. एक अक्षर म्हणून मागे ठेवलं नाही.

भाऊसाहेब शाळेचे कारकून. कामाला वाघ, पण वाघाला कपाट आवरायला लावू नये. शाळेच्या शिपाईबाई, म्हणजे सगळ्यांच्या मावशी, पाणी भरायला गेल्या होत्या. भाऊसाहेबांनी खुंटीवरची त्यांची किल्ली घेतली आणि वर्गाचं कपाट उघडलं. तळाशी एक खोका, खोक्यात फळकुटांचे तुकडे, एकाच्या कडेला सुतार घासायला वापरतो तसला पॉलिशपेपर. गेल्याच आठवड्यात बाकं दुरुस्त करायला सुतार येऊन गेला होता. "घाण करून गेला लेकाचा!" म्हणत त्यांनी खोका उचलला. तुकडे उलटे पडले होते. एखादा सुलटा करून बघायला लागतो तेवढा वेळ उत्साही माणसाकडे कधीच नसतो.

तुकडे सुताराचे नव्हते, बाईंचे होते.

बाई पहिलीला इंग्रजी शिकवतात त्याला बावीस वर्षं झाली. मूर्ती ठेंगणी, आवाज खणखणीत, बोटांना कायम डिंक. स्वर आणि व्यंजन हा फरक त्या फळ्यावर शिकवतच नाहीत, पोरांच्या तोंडात शिकवतात. "म्हणा ए. वाट कुठे अडली? नाही ना? तो स्वर. आता बी म्हणायला लागा, पण म्हणू नका. ओठ मिटले की नाही? वाट अडवली, म्हणजे व्यंजन!" तोंडाचं झालं की बोटांची पाळी. पाच स्वर पॉलिशपेपरचे, वीस व्यंजनं मखमलीची, सगळी फळकुटांवर चिकटवलेली. पोरं डोळे मिटून बोट फिरवायची आणि ओरडायची, "खरखर! स्वर!" राहिला वाय. "हा आपला घरजावई. कधी या घरचा, कधी त्या घरचा," असं सांगून बाईंनी त्याचा एक पाय खरखरीत आणि बाकीचं अंग मखमली केलं होतं.

दुसऱ्या दिवशी खोका सापडेना. मुख्याध्यापिका, म्हणजे मोठ्या बाई, वर्गात आल्या. मागोमाग रजिस्टर घेऊन भाऊसाहेबही.

"किल्ली कुणाकडे असते?"

"माझ्याकडे," मावशी म्हणाल्या. "पण मी हात नाही लावला, बाई. शप्पथ."

"मग काय अक्षरांना पाय फुटले? वय झालं मावशी तुमचं. उद्यापासून किल्ली ऑफिसात राहील."

आत्ता बोलावं, असं भाऊसाहेबांच्या मनात आलं. त्यांनी घसाही साफ केला. मोठ्या बाईंनी वळून बघितलं, तसे ते म्हणाले, "पंखा जरा आवाज करतोय."

किल्ली ऑफिसात, म्हणजे भाऊसाहेबांच्याच टेबलावर आली. पोरांनी मावशींना 'स्वरचोर' म्हणायला सुरुवात केली. पोरांच्या मनात काही नव्हतं. त्यांना ते नुसतं नाव म्हणून आवडलं. पण एरवी वर्गात घुसून कुणाची नाडी बांध, कुणाचं नाक पूस असं करणाऱ्या मावशी आता पाण्याची बादली उंबऱ्याबाहेर ठेवून परत जायला लागल्या.

भाऊसाहेब भंगारवाल्याकडे दोनदा धावले. माल कालच गेला होता. मग त्यांनी अपराधी माणसं करतात तेच केलं: भेटवस्तू आणली. इंग्रजी अक्षरांचा भला मोठा गुळगुळीत तक्ता, स्वर तांबडे, व्यंजनं निळी. बाईंनी तो भिंतीवर लावला आणि पोरांना सांगितलं, "भाऊसाहेबांसाठी टाळ्या!" पोरांनी हात लाल होईपर्यंत टाळ्या वाजवल्या. त्यातल्या एकीने सवयीने डोळे मिटून तक्त्यावर बोट फिरवलं. फिरवतच राहिली.

"बाई, हे सगळं सारखंच लागतंय."

भाऊसाहेबांनी मान खाली घातली. दाराशी मावशी उभ्या होत्या. त्या हळूच म्हणाल्या, "देवमाणूस आहात साहेब. माझ्या चुकीपायी खिशाला खार लावून घेतलात."

'माझ्या चुकीपायी.' चार दिवसांत मावशींची स्वतःचीच खात्री पटली होती, की आपणच कधीतरी झाडताना तो खोका बाहेर काढून विसरलो असणार. भाऊसाहेबांना त्या रात्रीचं जेवण गेलं नाही. बायकोने विचारलं, "पोट बिघडलंय का?" ते हो म्हणाले. आता खोटं बोलायचा हात चांगलाच बसला होता.

दुसऱ्या दिवशी शाळा सुटल्यावर ते पहिलीच्या वर्गात शिरले. बाई पोरांच्या बुटक्या बाकावर बसून पॉलिशपेपर कापत होत्या. ए, ई आणि आय झाले होते; ओ हातात होता. समोर तसल्याच बाकावर भाऊसाहेब बसले. गुडघे हनुवटीला लागले. अशा बैठकीत माणसाला रुबाब ठेवता येत नाही, आणि ते बरंच झालं.

"बाई, तो खोका मावशींनी नाही टाकला," ते म्हणाले. "मी दिला भंगारात. सुताराचा कचरा वाटला मला. त्या दिवशी मोठ्या बाईंसमोर बोलणार होतो, पण... पंख्याचं बोललो. मला फार लाज वाटते बाई. तुम्ही मला काय हवं ते बोला."

बाईंनी कात्री थांबवली नाही. ओचा आतला गोल कापून झाला, त्यांनी तो फुंकर मारून मोकळा केला आणि मगच वर बघितलं.

"मला कशाला सांगताय भाऊसाहेब, मावशींना सांगा, आणि पोरांसमोर सांगा."