अडॅप्टर दादाकडेच आहे

भूत, आत्मा, करणी... यातल्या कशावरही माझा विश्वास नव्हता आणि आजही नाही. मी शाळेत विज्ञान शिकवते, दिवाळी अंकांत विज्ञानकथा लिहिते आणि या ग्रुपवरचे भुताचे किस्से चहा पिता पिता हसायला वाचते - रागावू नका, खरं तेच सांगतेय. तरीही हे लिहितेय, कारण मागच्या आठवड्यात एका संपादकांनी विचारलं, "तुमच्या प्रत्येक कथेत दुसरा वैमानिक हरवतो, पण मरत कसा नाही?" त्याचं उत्तर इथेच देता येईल.

आमचं गाव पाटोदा, जिल्हा बीड. बसस्टँडकडून बाजारात जाताना डाव्या हाताला अप्पांचं, म्हणजे माझ्या वडिलांचं, रेडिओ-टीव्ही दुरुस्तीचं दुकान होतं. मागच्या दोन खोल्यांत आम्ही राहायचो. चौऱ्याण्णवच्या सुमारास माझा मोठा भाऊ मन्मथदादा औरंगाबादहून टीव्ही गेम घेऊन आला. काळा डबा, दोन रिमोट, एक पिवळी कॅसेट. कॅसेट अडली की तिच्यात फुंकर मारायची, हे ज्यांनी केलंय त्यांना वेगळं सांगायला नको.

त्यातला विमानांचा गेम आमचा लाडका. त्याला गोष्ट अशी नव्हतीच... दोन विमानं, वर चढत जायचं, समोर येईल ते फोडत जायचं. गोष्ट दादा सांगायचा. मी म्हणे पाटोद्याची पहिली वैमानिक, आणि आम्ही दोघं लांबच्या एका तांबड्या ग्रहावर ज्वारीचं बियाणं पोचवायला निघालोय. "तिथं लोक उपाशी हायेत, सुमे. नीट चालव." प्रत्येक लेव्हल सुरू झाली की तो आपलं विमान खाली डाव्या कोपऱ्यात नेऊन दोन गोळ्या झाडायचा. का, तर घराला रामराम! सातव्या लेव्हलच्या पुढे आम्ही कधी गेलो नाही. माझी पहिली छापून आलेली कथा खरं तर दादाची आहे. मी ती फक्त लिहून काढली.

एकदा खेळण्याच्या नादात त्याच्याकडून सोल्डरिंग आयर्न चालूच राहिलं आणि गिऱ्हाइकाच्या टीव्हीचं कॅबिनेट वितळलं. अप्पांनी त्या गिऱ्हाइकादेखत त्याच्या मुस्काटात मारली. दादा एकोणीस वर्षांचा होता. उठला, पिशवी भरली, गेमचा अडॅप्टर काढून पिशवीत टाकला - त्याच्यामागे मी एकटीने खेळू नये म्हणून, दुसरं काय - आणि बीडच्या गाडीत बसला. तो परत आला नाही. पोलिसांत कळवलं. नारायणगडाच्या जत्रेत कुणाला तरी दिसला म्हणे, म्हणून अप्पा तीन दिवस तिथे फिरून आले. काही हाती लागलं नाही.

नवा अडॅप्टर बनवणं म्हणजे अप्पांचं अर्ध्या तासाचं काम. मी एकदाच म्हटलं. म्हणाले, "काहून? त्याचा त्यो घेऊन यील की." डबा फळीवर गेला.

दीड वर्षाने, शहाण्णवच्या खंडेनवमीला, अप्पांचे थोरले भाऊ तलवाड्याहून आले. येताना दादाचा फोटो मोठा करून, फ्रेम करून आणला होता. सोबत हार.

"किती दिस असं लटकून ऱ्हायचं?" काका म्हणाले. "उद्या पोरीचं बघायचंय. लोक इचारतेत, पोरगं हाय का न्हाई. हार घाल अन् मोकळा हो."

अप्पा पूजेला बसले.

आमच्याकडे खंडेनवमीला दुकानातली सगळी हत्यारं पाटावर मांडतात. पक्कड, मीटर, स्क्रू ड्रायव्हर... सगळ्यांना भस्म, हळद-कुंकू, झेंडूचं फूल. त्या दिवशी त्यांना कामाला लावायचं नाही. फक्त नैवेद्यानंतर अप्पा दुकानातला टीव्ही मिनिटभर चालू करत, वर्षभर चालावा म्हणून. त्या वर्षी त्यांनी फळीवरचा गेमही उतरवला. पुसला, त्याची वायर टीव्हीला जोडली, दोन्ही रिमोट शेजारी ठेवले. "मांडायचं तर नीट मांडावं," एवढंच म्हणाले. अडॅप्टर नव्हता. बॅटरी घालायची सोयच त्या डब्यात नाही. हे दोनदा वाचा, मग कमेंट करा.

दुपारचे बारा वाजले होते, रस्त्यावर लख्ख ऊन होतं. अप्पांनी टीव्ही लावला. पडद्यावर मुंग्या दिसतील असं वाटलं होतं... आली ती गेमची धून.

स्क्रीनवर दोन विमानं होती. दुसरं विमान खाली डाव्या कोपऱ्यात गेलं आणि त्याने दोन गोळ्या झाडल्या. त्याचा रिमोट पाटावरच होता, बटणावरची झेंडूची पाकळीसुद्धा हलली नव्हती.

मी माझा रिमोट उचलला. आई म्हणाली, "आज हात लावू न्हाई गं."

"खेळू दे तिला," अप्पा म्हणाले.

मी खेळले. भीती वाटली का विचाराल, तर नाही. मला इतका आनंद झाला होता की हुंदके आवरत नव्हते. सातव्या लेव्हलला मी नेहमी जिथे मरायचे, तिथे तो आडवा आला आणि मला वाट करून दिली. आठवी लेव्हल सुरू झाली. समोर शत्रू कुणीच नाही. काळं आभाळ आणि शेजारी शेजारी आमची दोन विमानं.

तेवढ्यात काकांनी उठून टीव्ही बंद केला. "आत्मा आलाय त्याचा. पटलं का आता तरी? घाल हार."

अप्पांनी डब्याला हात लावून पाहिला. थंडगार. वायर तपासली, टीव्ही परत लावला... नुसत्या मुंग्या. आयुष्यभर प्रत्येक बिघाडाला 'कुठंतरी लूज असंल' म्हणणारा माणूस, त्या दिवशी तेही म्हणाला नाही. अप्पा काकांकडे वळून म्हणाले, "अण्णा, ह्या खेळात गडी मेला की इंग्रजीत लिहून येतं. गेम ओव्हर. इथं बसून मी लई येळा बघितलंय. आज आलं का?"

"न्हाई..."

"मंग फोटू माघारी न्या."

काकांनी नेला. माझं लग्न ठरायला नंतर चार वर्षं लागली, लागू देत.

मी खूप डोकं चालवलंय. डब्यात साठलेला करंट म्हणावा तर तो क्षणभरही पुरत नाही. आम्हा चौघांना एकच भास झाला म्हणावं, तर काका गेम ओळखतही नव्हते. आजवर मला उत्तर सापडलेलं नाही. पण उत्तर नाही म्हणून मी भूत मान्य करणार नाही. भूत मेलेल्याचं असतं. 'शांती करून घ्या' लिहिणाऱ्यांनी आपली शक्ती दुसऱ्या पोस्टसाठी राखून ठेवावी.

आता अप्पा थकलेत. दर खंडेनवमीला टीव्ही मी लावते, मुंग्या बघते आणि बंद करते. विद्यार्थी म्हणतात, मॅडम, असा अडॅप्टर आता ऑनलाइन मिळतो, मागवून देऊ?

मी नको म्हणते. त्याचा तो घेऊन येईल.