चवथीच्या दिवशी बंद केलेलं पाणी

माझा स्वभावच संशयी. बायको म्हणते, हा माणूस देवळातलं तीर्थही आधी हुंगून बघेल. त्यामुळे आमच्या पाण्याच्या प्लांटवर परक्या देशाने हल्ला केला असं वरच्या अधिकाऱ्यांनी सांगितलं, तेव्हा मी आधी आमच्या इंजिनिअरसाहेबांकडेच नीट पाहिलं.

प्लांट डिचोली तालुक्यात, मी तिथे कारकून, गाव पेडण्यातलं हळर्ण. खाणी बंद पडून रस्ते सुने झाले, त्या सुमारास पंप, झडपा, पाण्यात क्लोरीन सोडणारं यंत्र, सगळं कॉम्प्युटरवर आलं. पण चवथ, म्हणजे आमची गणेशचतुर्थी, ती चवथच. त्या दिवशी घरी नसलेला गोंयकार एकतर बोटीवर असतो, नाहीतर इस्पितळात. "चवथीक हांगा कोण बसतलो?" म्हणत इंजिनिअरसाहेबांनी शक्कल काढली. प्लांटचा कॉम्प्युटर थेट इंटरनेटला जोडून घेतला, म्हणजे घरी गणपतीवर टांगलेल्या फळापानांच्या माटोळीखाली बसून मोबाइलवरून पंप चालवता येतील. आम्ही सगळे खूश होऊन घरी गेलो.

मागे राहिली एकटी कंत्राटी ऑपरेटर, बेळगावकडची. नवरा बांधकामावरून पडून अंथरुणाला खिळल्यापासून साखळी गावातलं तिचं बिऱ्हाड तिच्याच पगारावर चालायचं. दुपारी तिच्या डोळ्यांदेखत स्क्रीनवरचे आकडे आपोआप चढू लागले. क्लोरीन भरमसाट सुटत होतं. तिने साहेबांना फोन लावला, साहेब आरतीत. मग तिने सरळ मेन स्विच पाडला. भर चवथीत अख्ख्या भागाचे नळ कोरडे पडले आणि लोक शिव्या देत गेटवर आले.

चौकशीला पणजीहून अधिकारी आले. परक्या सरकारने पोसलेल्या हॅकरांचं हे काम, असं त्यांनी सांगितलं. असेलही. पगार देऊन असली माणसं पोसणारी सरकारं असतात, हे मी नाकारत नाही. पण पुरावा काय, ते कोणी बोलेना. लोकांनी कोणतं पाणी प्यावं, कोणतं ओतून द्यावं, हेही कोणी सांगेना. मग कुजबुज सुरू झाली. आत कोण होतं? ती. बाहेरची. फोनवर कानडीत बोलते. माझ्यासारख्या जन्मजात संशयी माणसालाही हा संशय फार सोयीचा वाटला.

मी अधिकाऱ्यांना म्हटलं, "साहेब, इंटरनेटाचें दार आमीच उगडें दवरिल्लें. चवथीखातीर."

इंजिनिअरसाहेब छताकडे बघू लागले. अधिकारी मला गप्प करत म्हणाले, "तुमी ओगी रावात. हो देशाच्या सुरक्षेचो विशय."

सुरक्षा या शब्दापुढे कोणाचीच जीभ रेटत नाही. संताप संताप झाला. सरकारने असल्या हल्ल्याला उत्तर जरूर द्यावं. चार देशांना बरोबर घ्यावं, पुरावा चारचौघांत मांडावा, त्या देशाची कोंडी करावी. पण त्याआधी आपलं दार लावावं आणि ते उघडं कसं राहिलं हे कबूल करावं. आमच्याकडे उलट झालं. शत्रू दूरचा निघाल्यामुळे साहेबांची चूक झाकली गेली, आणि हाताशी कोणीतरी हवं म्हणून सुरक्षेच्या कारणावरून तिचं कंत्राट तोडलं.

नवऱ्याला तिने आधीच दिराच्या गाडीतून गावी पाठवलं होतं. साखळीच्या स्टँडवर मी तिला सोडायला गेलो. बेळगावची बस लागली होती. सामान वर चढवून ती खिडकीशी बसली. रडली नाही. दुसरं कोणी असं न रडता बसलं असतं तर मला संशय आला असता, तिच्याबद्दल आला नाही.

"काका," तिने विचारलं, "त्या देशाला काय केल्यात वो?"

पेपरात वाचलं होतं ते मी सांगितलं. "निषेध केला, बाय. कडक शब्दांत."

"एवढंच?" ती म्हणाली. "मग माझा पण नुसता निषेधच करायचा होता की."