बिनमालकाच्या पिना

शकु जोंधळे रागीट आहे, हे अंधेरीच्या त्या अख्ख्या इमारतीला माहीत आहे. लिफ्टवाल्याला माहीत आहे, चहावाल्याला माहीत आहे, आणि जोगेश्वरीला ती राहते तिथल्या नळावर तर विचारूच नका. पण एमआयडीसीतल्या त्या दागिन्यांच्या कारखान्यातल्या बायकांना विचाराल तर त्या म्हणतील, तोंडाने फाटकी आहे, पण हात लावते तो आईसारखा.

हात लावायचं कारण असं की शकु तिथे लेडी गार्ड आहे. आत सोनं घासतात, चकाकवतात, खडे बसवतात, आणि सुटी झाली की प्रत्येक बाईची झडती होते. म्हणून सकाळी आत जातानाच अंगावरचं सगळं धातूचं उतरवायचं. मंगळसूत्र, जोडवी, बांगड्या, साडीच्या पिना, सगळं आपापल्या नावाच्या प्लास्टिकच्या डबीत. ब्लाउजला हुक चालत नाहीत म्हणून या बायका कापडी बंद लावून घेतात. नव्या लग्नाची पोरगी पहिल्या दिवशी जोडवी काढताना रडते, आठवड्यात स्वतःहून डबी पुढे करते. डब्या शकुच्या ताब्यात. राहिलेल्या, विसरलेल्या, बिनमालकाच्या पिना ती श्रीखंडाच्या एका जुन्या डब्यात टाकते. कुणाचा पदर फाटला, नाडी तुटली की, "शकुताई, पिन दे गं." शकु आधी ओरडते, मग देते.

झडती पडद्याआड. पडद्याआडचं पडद्याबाहेर जाणार नाही, हा शकुचा कायदा. तो कंपनीचा नाही, तिचा स्वतःचा आहे. जालन्याकडून लग्न होऊन मुंबईत आली तेव्हा ती बोरीवलीला एका सोसायटीत धुणीभांडी करायची. एकदा तिथल्या बाईचं कानातलं हरवलं आणि वॉचमनने शकुला खाली लॉबीत उभं करून पदर झटकायला लावला. लिफ्टमधून माणसं येत होती, जात होती. कानातलं नंतर वॉशिंग मशीनमध्ये सापडलं. सॉरी म्हणायला कुणी आलं नाही. नवरा धोंडिराम म्हणाला, जाऊ दे. त्याने आयुष्यभर सगळंच जाऊ दिलं. शकुने नाही जाऊ दिलं. अजून तो विषय निघाला की तिच्या कपाळाची शीर उडते.

तर त्या पडद्याआड इतकी वर्षं एक मशीन होतं. हातात धरायची काळी दांडी. बॅटरीला रबरबँड लावलेला. मनात आलं तर वाजायची, नाही तर चापट मारावी लागायची. शकुची सगळी मदार हातांवर. बायका तिला "म्हातारी" म्हणायच्या, म्हणजे दांडीला. आणि एके दिवशी दुपारी म्हातारीची बदली झाली.

नवं मशीन चौकटीचं होतं, दारासारखं उभं. दोन्ही अंगांना खालपासून वरपर्यंत दिवे. शेजारी स्क्रीन, त्यावर माणसाची आकृती. जिथे धातू, तिथे लाल. वर एक बाई बोलणार, रेकॉर्ड केलेली, "कृपया रुकिए." सोबत नवी दांडीही होती, सडपातळ, नुसतं जवळ नेलं तरी किंचाळणारी.

सिक्युरिटीचे नवे साहेब प्रांजल सर, वय तिशीच्या आत, मशीनभोवती नवरदेवाच्या भावासारखे फिरत होते. कंपनीच्या रिवाजाप्रमाणे नारळ आणला. हळदकुंकू लावायला महिला विभागाची सुपरवायझर सुलक्षणा पुढे झाली, तर ताटासकट चौकटीतून गेली आणि मशीन बोंबललं. सगळे हसले. मग मशीन विकणाऱ्याच्या माणसाने कौतुकाने एक साधी सेफ्टी पिन आपल्या शर्टाच्या आत, पोटापाशी खोचली आणि चौकटीतून गेला. बरोब्बर पोटापाशी लाल.

"बघितलं मावशी? काय ॲक्युरसी आहे!" प्रांजल सर म्हणाले. "फुल सेन्सिटिव्हिटीवर ठेवलंय."

शकुने ॲक्युरसी नाही बघितली. तिने स्क्रीन बघितला. तो पडद्याबाहेर होता, सरळ पुरुषांच्या रांगेकडे तोंड करून.

"सर, हे भिंतीकडे फिरवा."

"वायर पुरत नाही मावशी. बघू नंतर."

"बायकांच्या अंगावर कुठे काय वाजतंय ते गडीमाणसं बघणार का?"

"अहो, आकृती आहे ती नुसती!"

नुसती आकृती! शकुच्या तळपायाची आग मस्तकात गेली. पण नारळ फुटला होता, पेढे वाटून झाले होते, तिचं कोण ऐकतंय.

सुटी झाली आणि तमाशा सुरू झाला. एकीची चांदी भरलेली दाढ वाजली. एकीच्या चपलेतला खिळा वाजला. एकीच्या कमरेला गोळ्यांचं पाकीट खोचलेलं, तेही वाजलं. दर वेळी ती रेकॉर्डमधली बाई "कृपया रुकिए," दर वेळी स्क्रीनवर लाल, आणि शेजारच्या रांगेत पुरुषांचं खीखी. रोज चुटकीसरशी होणारं काम लांबत चाललं. कुणाचं पोर पाळणाघरात, कुणाची गाडी चुकणार. "शकुताई, कर ना गं लवकर!" शकु म्हणाली, "मला काय ओरडता? त्या भवानीला ओरडा, चौकटीतल्या!"

मग सुगंधा आली.

सुगंधा पॉलिशला होती. सिंधुदुर्गातली, मुलुंडला सासरी राहायची, पदरात दोन मुली. बोलायची कमी. चौकटीतून गेली आणि दिवा लागला. ओटीपोटावर. शकुने पडद्याआड नेलं. कमरेत काही नाही, नाडीला काही नाही, कुठेच काही नाही. नवी दांडी फिरवली. बेंबीच्या खाली किंचाळली. पुन्हा फिरवली, पुन्हा तिथेच.

सुगंधाचा चेहरा पांढराफटक पडला. तिने शकुचं मनगट धरलं आणि कानाशी लागली.

"शकुताई, तांबी आहे. कॉपर-टी. धाकटीच्या वेळी दवाखान्यात बसवून घेतली."

"मग घाबरतेस काय? सांगू साहेबाला."

"नको गं! घरी कुणाला माहीत नाही. यांनासुद्धा नाही. सासूबाई मुलासाठी देवाला नवस बोलल्यात. दर महिन्याला विचारतात. कळलं तर मला पोरींसकट घराबाहेर काढतील." आणि मग तिने खरी गोम सांगितली. "भावोजी बाहेर रांगेत आहेत."

हे भावोजी म्हणजे नितेश, सुगंधाचा दीर, कास्टिंगला कामाला. त्याच्याच ओळखीवर सुगंधा लागलेली. आणि या कारखान्यात ओळखीचा अर्थ असा की ज्याने माणूस आणला तो त्याचा जामीन. माणसावर संशय आला की आधी जामिनाला बोलवायचं, त्याच्यासमोर बोलायचं. म्हणजे खरं सांगावं तर ते नितेशसमोर, तिथून थेट मुलुंडला. आणि न सांगावं तर पोटात सोनं लपवलं म्हणून नोकरी जाणार, वर चोर म्हणून नाव.

शकु बाहेर आली. "सर, काही नाही तिच्याकडे. मशीन चुकतंय."

"मशीन चुकत नाही मावशी," प्रांजल सर स्क्रीनकडे बोट दाखवत म्हणाले. सगळ्यांच्या देखत. "इथे क्लिअर दिसतंय. मी लेडी डॉक्टरची सोय करतो, गाडीने पाठवू. आणि हिचा जामीन कोण? बोलवा त्याला."

नितेश पुढे आला. त्यालाही घाम फुटलेला, कारण त्याचीही नोकरी टांगणीला. "वयनी, काय आसात तां काढून टाक मगे," तो पडद्याकडे बघून ओरडला. "माझी वाट लावतंस काय?"

आणि रांगेच्या शेवटून सुलक्षणाचा आवाज आला. सुपरवायझर म्हणून ती सगळ्यांत शेवटी निघते, खाली मान घालून निघताना तिला कधी कुणी बघितलेलं नाही. "मी सांगतच होते. हिचं मन कामात नसतंच. सासू बिचारी नातवासाठी झुरतेय आणि ही इथे असले धंदे करते. पाठवा सर डॉक्टरकडे, होऊन जाऊ दे सोक्षमोक्ष."

शकुला लॉबी आठवली. लिफ्ट आठवली. तिला वाटलं, आत्ता जाऊन या बाईच्या दोन मुस्कटात द्याव्यात आणि मग त्या चौकटीला लाथ घालावी. ती तशीच वळली, पडद्याआड गेली. सुगंधा स्टुलावर बसून होती. वर फळीवर डब्या, आणि डब्यांशेजारी श्रीखंडाचा डबा.

शकुने डबा उघडला. मग तिने मूठभर पिना उचलल्या.

"इथेच बस. हूं की चूं करायचं नाही," ती सुगंधाला म्हणाली, आणि बाहेर येऊन तडक बायकांच्या रांगेत घुसली. "काय गं, ही रांग आहे की भाजीबाजार? सरळ उभ्या राहा! एप्रन बघू! नाड्या बघू! मशीन खोटं वाजतंय म्हणे, मग मीच बघते एकेकीला!"

प्रांजल सर फोनवर डॉक्टर शोधत होते. पुरुषांना शकुच्या ओरडण्याची सवय. ती एकेकीजवळ जाई, एप्रनच्या आत हात घाली, नाडीशी एक पिन खोचे, डोळे वटारी आणि पुढे जाई. पहिली होती श्रुतिका. तिने खाली बघितलं, पडद्याकडे बघितलं आणि मान हलवली. समजायला वेळ लागला नाही तिला. बायकांना असल्या गोष्टी समजावून सांगाव्या लागत नाहीत. पुढच्या पोरीने तर स्वतःच एप्रन सैल केला. पिना संपत आल्या तेव्हा शकु शेवटच्या सुलक्षणापाशी पोचली होती. तिच्याकडे तिने ढुंकूनही बघितलं नाही. हिला पिन द्यायची म्हणजे साहेबालाच पिन द्यायची.

"चला, एकेक!" शकु गरजली.

श्रुतिका गेली. लाल. ओटीपोटावर. "कृपया रुकिए." पडद्याआड नेलं, पिन काढून घेतली, बाहेर सोडलं. "काही नाही सर." दुसरी गेली. लाल, तिथेच. तिसरी गेली. लाल. प्रांजल सरांनी फोन कानापासून खाली घेतला. पुरुषांच्या रांगेतलं खीखी थांबलं. चौथी, पाचवी. मशीनमधली बाई रुकिए रुकिए करून थकली नाही, पण सर थकले.

"हे काय चाललंय?"

आता मात्र शकुने तोंडाचा पट्टा सोडला. "काय चाललंय ते मला विचारता? सगळ्या बायकांनी ठरवून एकाच जागी सोनं ठेवलं होय? पाठवा ना सगळ्यांना डॉक्टरकडे! गाडी नाही, टेम्पो मागवा! आणि यांच्या जामिनांना बोलवा, नवऱ्यांना बोलवा, सासवांना बोलवा, लावा स्क्रीन मोठा! दोन लेकरांच्या आईला तुम्ही चार माणसांत चोर म्हणालात सर. दुपारी आणलेल्या डबड्यावर विश्वास ठेवून. मी इतकी वर्षं हात लावतेय, माझ्या हाताला काही किंमत आहे की नाही?"

प्रांजल सरांचे कान लाल झाले. त्यांनी मशीनवाल्याला फोन लावला. पलीकडून काही तरी समजावणं चाललं होतं, आणि सर नुसतं "हो, लोअर झोन, सगळ्यांनाच, हो, उद्या इंजिनिअर पाठवा," म्हणत होते. मग नितेशला म्हणाले, "जा तू. मशीनचा प्रॉब्लेम आहे."

"फालतू मशीन," नितेश म्हणाला. हायसं वाटून तो हसलासुद्धा. "वयनी, चल गो, घराकडे जावया." मघाशी ओरडला होता त्याबद्दल एक शब्द नाही. सुगंधा बाहेर आली, डबी उघडून मंगळसूत्र गळ्यात घातलं, आणि जाता जाता शकुच्या हाताला नुसता हात लावून गेली. दिराच्या मागून, खाली मान घालून. शकुला त्या खाली घातलेल्या मानेचाही राग आला.

राहिली सुलक्षणा. शकु तिचीच वाट बघत होती. पडद्याआड आली की चार शब्द असे सुनवायचे की जन्मभर लक्षात राहतील, हे तिने ठरवूनच ठेवलं होतं. हिच्या नाडीला पिन नव्हती. ही न वाजता जाणार, वर शहाणपणा शिकवणार. शिकवू दे.

सुलक्षणा चौकटीतून गेली.

लाल. ओटीपोटावर.

"कृपया रुकिए."

"सोडा मावशी, सोडा तिला पण," सर फोनवरून मान न वळवता म्हणाले.

शकुने पडदा ओढला. सुलक्षणा हात वर करून उभी होती, शिस्तीत, रोजच्यासारखी. फक्त हनुवटी हलत होती. शकुने नवी दांडी फिरवली. बेंबीच्या खाली ती किंचाळली, तशी शकुने बटण दाबून तिचं तोंड बंद केलं.

शकुने नाडी चाचपली. पिन नव्हती, काहीच नव्हतं.

"मग मघाशी त्या पोरीला का बोललीस गं?" शकुने विचारलं. आवाज चढवायचा होता तिला, चढला नाही.

"न बोलून कसं चालेल?" सुलक्षणा पुटपुटली. "मी गप्प बसले असते तर सगळ्यांनी माझ्याकडे बघितलं असतं."

शकुचे ठरवलेले चार शब्द सुनवायचे राहूनच गेले. राग मात्र होता तिथेच होता, उलट दुप्पट झाला, आणि कुणावर काढावा हे तिला कळेना. तिने फळीवरून सुलक्षणाची डबी काढून तिच्या हातात ठेवली. मग काढून घेतलेल्या पिना गोळा करून श्रीखंडाच्या डब्यात टाकल्या आणि झाकण लावलं.

"उद्या मशीनचा इंजिनिअर येणार आहे," ती म्हणाली. "लवकर ये. पिना वाटायला तू पण हवीस."