बारा कॅमेरे आणि एक मासेवाली

मावळत्या सूर्यासमोर माणसाचा फोटो कसा काढायचा हे शिकायला आम्ही बारा जण नागपूरहून कोकणात गेलो होतो. त्यात आम्हाला शिकवणारे सरही आले. सर प्रताप नगरात राहायचे. बँकेतून निवृत्त झाल्यावर त्यांनी मोठा कॅमेरा, पुष्कळ खिशांचं जाकीट आणि शिष्य, या क्रमाने सगळं गोळा केलं होतं. शिष्यांत मीही होते. नागपूरच्या महाल भागात वडिलांचं पासपोर्ट फोटोचं दुकान मी चालवत होते, आणि सर त्याला 'दुकानदारी' म्हणाले की मी मान खाली घालत होते. त्या खाली घातलेल्या मानेची मला अजून चीड येते.

किनाऱ्यावर पन्नाशीची एक मासेवाली रिकामी टोपली घेऊन घरी चालली होती. सरांनी तिला थांबवलं. दहाच मिनिटं, म्हणाले. टोपली डोक्यावर ठेवायची आणि पाण्याच्या कडेनं चालायचं. बाईला गंमत वाटली. ती चालली.

"क्षितिज गळ्यातून जाऊ देऊ नका," सर आम्हाला सांगत होते, "मुंडकं छाटल्यासारखं दिसते. आणि उजेड आभाळाचा मोजा. बाई काळी पडली पाहिजे, पुरी काळी."

एवढं त्यांना खरंच येत होतं. पण बाईला त्यांनी सात-आठ वेळा चालवलं. एका लाटेनं तिची साडी गुडघ्यापर्यंत भिजली. तिनं टोपली खाली ठेवून पदर पिळला, तर आमच्यातले एक प्राध्यापक कळवळून म्हणाले, "टोपली राहू द्या हो डोक्यावर. टोपलीशिवाय कष्ट दिसत नाहीत." रिकामी टोपली होती ती.

सूर्य बुडायला थोडाच वेळ उरला तेव्हा बाईनं फोटो पाहायला मागितला. सरांनी मोठ्या मनानं कॅमेऱ्याचा पडदा तिच्यापुढे धरला. केशरी आभाळ, सोनेरी पाणी, मधोमध टोपली घेतलेली एक काळी आकृती. बाईनं जवळ जाऊन पाहिलं.

"माझा तोंड खंय आसा?"

सगळे हसले. मीही हसले असेन.

"बाई, याले कला म्हंतात," सर म्हणाले. "यात चेहऱ्याची गरज नसते."

"मग माका कित्याक उभी केल्यात?"

सर लेन्स पुसायला लागले. मी बाईजवळ गेले आणि विचारलं, "मावशी, मी काढू एक?"

तिनं टोपली वाळूत ठेवली, पदरानं तोंड पुसलं, केस सारखे केले. मी तिला सूर्याकडे वळवलं. ऊन डोळ्यांत जात होतं, म्हणून तिला डोळे मिटायला लावले. तिच्या गालावरचा उजेड मोजला, मग म्हटलं, आता उघडा. समुद्र माझ्या पाठीमागे राहिला. तिच्या मागे एक ओढून ठेवलेली होडी आली.

"हे काय करून राहिली वं?" सर ओरडले. "समुद्र कुठाय? असा फोटो तर तुझ्या दुकानातबी निघते."

"हो सर, निघतो," मी म्हटलं. बाईकडून मी पत्ता लिहून घेतला, तिच्या मुलाचा फोन नंबरही.

पुढे नागपुरात प्रदर्शन झालं. सरांची काळी आकृती दाराशीच टांगलेली होती, खाली नाव लिहिलेलं: 'श्रमगाथा'. भाषणात सर म्हणाले की स्वतःचा फोटो पाहून त्या माऊलीच्या डोळ्यांत पाणी आलं होतं. मी खुर्चीतून उठले.

"सर, ती रडली नव्हती. तिनं विचारलं होतं, माझं तोंड कुठे आहे."

सर माईकसमोर गोड हसले. "पाहा, किती निरागस असतात हे लोक." सभागृहानं टाळ्या वाजवल्या. त्या किनाऱ्यावर हजर असलेल्यांनीही वाजवल्या. प्राध्यापक तर जरा जास्तच जोरात. मी बाहेर पडले. संध्याकाळी पाहिलं तर सरांच्या फोटो-क्लबच्या व्हॉट्सॅप ग्रुपातून मला काढलं होतं. मी आधीच स्वतःहून निघाले नाही, एवढंच वाईट वाटलं.

बाईचा फोटो मी मोठा करून पाठवला होता. काही दिवसांनी मुलाच्या फोनवरून ती बोलली. फोटो मिळाला, नाक जरा पसरट आलंय, पण चालेल, म्हणाली. तिच्या बहिणीलाही एक हवा होता, तर मी कधी येते?

दिवाळीनंतर दुकान चार दिवस बंद ठेवून मी गेले. बहीण नवी साडी नेसून अंगणात बसली होती. समुद्राकडे जायचं का, असं मी विचारलं, तर तिनं नाही म्हणून मान हलवली. घराला नुकतंच नवं दार बसवलं होतं, ते मागे आलं पाहिजे, एवढीच तिची अट होती.