बटण नानांच्या हाताशी होतं

नाना गेले त्याला महिना होत आला. शोकसभेत जो तो त्यांना दिलदार म्हणाला. होतेच. माझे सख्खे काका ते. वडिलांमागे माझं लग्न त्यांनीच लावलं, आणि धुळ्याला मला सासरी पोचवून परतताना गाडीत ढसाढसा रडले म्हणे. पण मी काही शोकसभेत बोलत नाहीये, म्हणून उरलेलंही सांगते.

शेवटची भेट जळगावच्या घरी, बैठकीच्या खोलीत झाली. अर्धांगवायूनं वाचा गेलेली, जिवंत काय ते डोळे. समोर टीव्हीवर मालिका रंगात आली होती. तेवढ्यात त्यांचा मुलगा सुधीर उठला, त्यानं टीव्ही बंद केला, नानांची उशी सारखी केली आणि आत गेला. नानांचे डोळे भरून आले... मी त्याच्या मागोमाग गेले. “रोज असं करतोस?” “रोज,” तो म्हणाला. “बाकी सेवेत काही कमी असेल तर विचार त्यांना.” मेल्या, त्यांना बोलता येतं का! असं ओठांवर आलं, पण हे कुठून आलं ते मला ठाऊक होतं.

पस्तीस-चाळीस वर्षांपूर्वी, बारावी झाल्यावर सुधीरला कॉम्प्युटरचं वेड लागलं. नाशिकला कोर्सला जायचं, एवढाच ध्यास. नानांना तो धान्याच्या आडतीवर हवा होता. शेवटी नाना म्हणाले, “रविवारी चार लोकांत चालवून दाखव. चाललं तर नाशिक, नाही तर सोमवारपासून आडत.” सुधीरनं मित्राकडून कॉम्प्युटर मागून आणला. दिसायला नुसता टाइपरायटरचा वरचा भाग. पडदा म्हणून टीव्हीच जोडायचा. बिचाऱ्यानं आदल्या दिवशी नानांना विश्वासानं सांगितलं, “मध्येच वीज गेली तर टाइप केलेलं सगळं पुसलं जातं. तुमच्या खुर्चीजवळचं बटण तेवढं सांभाळा.”

रविवारी नेहमीसारखी गल्ली लोटली. टीव्हीला हार, उदबत्ती. चपला बाहेर काढून पौराणिक मालिका बघितली सगळ्यांनी. मग सुधीरनं अँटेनाची वायर काढून तिथं कॉम्प्युटरची जोडली. बराच वेळ नुसत्या मुंग्या. चॅनेलचं बटण फिरवता फिरवता अक्षरं उमटली, तशी माझी काकू, अक्का म्हणायचो तिला आम्ही, चक्क हात जोडून पाया पडली. जन्मतारीख दिली की वार सांगायचा, असा त्याचा प्रोग्रॅम. तासभर तो टाइप करत होता. लोक कंटाळून उठायला लागले तर नानाच त्यांना बसवत होते, चहा मागवत होते. मला वाटलं, विरघळले नाना!

“झालं का रे?”

“झालं नाना. आता पहिली तुमचीच तारीख टाकतो.”

नानांनी खुर्चीतून न उठता बटण बंद केलं. पडदा काळा.

“कोठे गया रे तुन्हा कॉम्प्युटर?” असं विचारून ते असे हसले की अख्खी खोली हसायला लागली. “बठ्ठं इसरी गया? सगळंच विसरला? यापेक्षा आपला मुनीम बरा!” मी ओरडले, “नाना, काय केलंत हे?” तर म्हणाले, “तू माहेरवाशीण, चहा घे.” सुधीर पुन्हा टाइप करतो म्हणाला. “एकदा म्हणजे एकदाच,” नाना म्हणाले. पोरानं अँटेना परत जोडली, लोकांना चित्र नीट लावून दिलं, आणि सोमवारी आडतीवर जाऊन बसला. तो आजतागायत तिथंच आहे.

तेराव्याला पंगती उठल्यावर सुधीर आणि मी दोघंच मागच्या ओट्यावर होतो. त्याच्या खांद्यावर हात ठेवून मी विचारलं, “आता तरी राग शमला का रे?”

“राग टीव्ही बंद केला त्या पहिल्याच दिवशी शमला होता, ताई,” तो म्हणाला. “पण पुढं पुढं मालिका रंगली की ते माझ्याकडे बघायला लागायचे, मी आता उठतोय का म्हणून... त्या बघण्याचीच मला गोडी लागली.”

मी हात काढून घेतला.